दोन अपघात आणि एक सीझन

अमेरिकेत शिकलेला किंवा ऑनसाइट राहून आलेला एखादा मित्र असेल, तर त्याला कॉलेज फुटबॉलबद्दल विचारून बघा. म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून, बॉल काखोटीला मारून पळायचा तो. शनिवारी अख्खं गाव स्टेडियमवर लोटतं म्हणे. कॉलेजच्या पोरांच्या मॅचचं एवढं काय, असं आपल्याला वाटतं. त्याचं मला पटलेलं उत्तर १९७१ च्या एका सीझनमध्ये आहे.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हंटिंग्टन नावाचं गाव आहे. तिथलं मार्शल विद्यापीठ. १४ नोव्हेंबर १९७० ला त्यांचा संघ ईस्ट कॅरोलायनाकडून १७-१४ असा हरून विमानाने परत येत होता. पावसात, धावपट्टी अगदी जवळ आलेली असताना विमान टेकडीवर कोसळलं. ७५ च्या ७५ जण गेले. त्यात ३७ खेळाडू, कोच रिक टॉली, आणि मॅच बघायला सोबत गेलेले गावातले डॉक्टर, व्यापारी, पुढारी. कित्येक मुलांचे आई-वडील दोघंही एकाच रात्री गेले. सहा मृतदेहांची ओळखच पटली नाही, त्यांना गावच्या दफनभूमीत शेजारी शेजारी पुरलं.

संघ बंद करायचा विचार झालाच. पण विद्यार्थी आणि उरलेले खेळाडू अडून बसले: खेळायचं. आता खेळायचं कोणी? तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात घेत नसत. त्या नियमामुळे ती पोरं विमानात नव्हती, म्हणूनच वाचली! ती आता दुसऱ्या वर्षाला होती. त्यांच्या जोडीला विद्यापीठाने खास परवानगी मिळवून नव्याने आलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही मैदानात उतरवलं. बास्केटबॉलवाले, बेसबॉलवाले, जो येईल तो घेतला. नवे कोच जॅक लेंगेल यांनी शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बॉबी बॉडनना मदत मागितली, आणि त्यांनी आपल्या सगळ्या चाली शिकवल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोडच उघडून दिला.

पहिली मॅच हरले. दुसरी, २५ सप्टेंबर १९७१, घरच्या मैदानावर झेवियरशी. शेवटच्या क्षणी ९-१३ असे मागे. शेवटच्या चालीवर रेजी ओलिव्हरने पहिल्या वर्षाच्या टेरी गार्डनरकडे बॉल दिला आणि तो सुसाट सुटला. १५-१३! तासभर उलटला तरी लोक मैदानातून हलले नाहीत.

सीझनचा निकाल? दोन जिंकल्या, आठ हरल्या. पुढची दहा-बारा वर्षंही संघ हरतच राहिला. २००६ चा 'वी आर मार्शल' हा सिनेमा बघून सगळं गोड झालं असं वाटतं, तसं काही नव्हतं. पण आजही दर १४ नोव्हेंबरला विद्यापीठातल्या कारंज्यापाशी ७५ नावं वाचतात आणि कारंजं बंद करतात. ते थेट वसंतात सुरू होतं.

आता आपल्याकडे या. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येच्या तोंडावर. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' बोट रेवसला निघाली. सणाला घरी चाललेले मुंबईतले नोकरदार, बायका-मुलं, खचाखच भरलेली. काश्याच्या खडकाजवळ वादळात ती कलंडली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि हाताला लागतील ती माणसं आपल्या होड्यांत ओढून घेतली.

हंटिंग्टनच्या आठपटीहून जास्त माणसं. तरी तुमच्या ऑफिसमध्ये विचारा, किती जणांना माहीत आहे?

आपली माणसं कोरडी, असं मी मुळीच म्हणणार नाही. अवघ्या २९ दिवसांवर स्वातंत्र्य होतं, फाळणी होती, वर्तमानपत्रांना जागा कुठली? पण त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं. 'रामदास'चे प्रवासी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत विखुरलेले होते. एक कॉलेज नाही, एक जर्सी नाही, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा जमायचं ठिकाण नाही. घरोघरी आठवण राहिली, पण आजी गेली की तिच्याबरोबर तीही गेली. मार्शलला दर वर्षी एक काम होतं: अकरा पोरं गोळा करून मैदानात उतरवणं. हरले तरी सीझन येतच होता, आणि त्याच्याबरोबर ती नावंही.

कॉलेजच्या पोरांच्या मॅचचं एवढं काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हे.

असो. पुढच्या वीकांताला रो-रोवर गाडी चढवून मांडव्याला जाल, डेकवर फोटो काढाल. जरूर काढा. फक्त सोबतच्या मंडळींना एवढं सांगा, की याच पाण्यातून 'रामदास' रेवसला निघाली होती.