कृष्णद्रव्य की गुरुत्वाकर्षणाचा अपुरा नियम?

आकाशातील एखादी वस्तू गणिताने सांगितलेल्या मार्गावरून ढळताना दिसली, की खगोलशास्त्रज्ञांपुढे दोनच पर्याय उरतात. एक तर तिला ओढणारी दुसरी वस्तू नजरेतून सुटलेली असते, किंवा ज्या नियमाने गणित मांडले तो नियमच अपुरा असतो. फ्रेंच गणिती उर्बां ल व्हेरिए यांच्या कामात या दोन्ही प्रकारांची उदाहरणे सापडतात. युरेनसच्या गतीतील अनियमिततेवरून त्यांनी एका अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तवले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत त्या स्थानाजवळच नेपच्यून दिसला. बुधाच्या कक्षेतील विचलनासाठीही त्यांनी १८५९ मध्ये सूर्यानजीकच्या अदृश्य द्रव्याची कल्पना मांडली, पण ते कधीच सापडले नाही. शतकाला अवघ्या ४३ विकलांचे हे विचलन अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने उलगडले. तेथे गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागला.

आज हाच पेच संपूर्ण विश्वाच्या पातळीवर उभा आहे.

न दिसणारे वस्तुमान

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश या तारकासमूहातील दीर्घिकांच्या गुच्छाचा अभ्यास केला. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दृश्य द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र बांधून ठेवण्यास मुळीच पुरेसे नव्हते. झ्विकी यांनी त्यामागे कृष्णद्रव्य असल्याचे सुचवले. परंतु त्याकडे कित्येक वर्षे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या भ्रमणाची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा हा विषय पुन्हा पुढे आला. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच किलोमीटर वेगाने. अंतर वाढले की वेग घटावा, असे न्यूटनचा नियम सांगतो. दीर्घिकांच्या बाहेरील भागांत मात्र हा वेग घटत नाही. तो जवळजवळ स्थिर राहतो. पुढे अनेक दीर्घिकांत हेच आढळले. याचा सरळ अर्थ असा, की प्रत्येक दीर्घिका न दिसणाऱ्या द्रव्याच्या विशाल आवरणात बुडालेली असावी. युरोपच्या ‘प्लांक’ उपग्रहाच्या निरीक्षणांनुसार विश्वात सामान्य द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के आणि उरलेली ६८ टक्के कृष्णऊर्जा आहे.

हे द्रव्य कशाचे बनलेले असावे?

न्यूट्रिनो हे कण प्रकाश देत नाहीत, परंतु ते अतिशय हलके व वेगवान असल्याने त्यांच्यापासून आजच्यासारख्या दीर्घिका घडल्या नसत्या. विश्वारंभी निर्माण झालेली कृष्णविवरे हा दुसरा पर्याय. दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अशा विवरांमुळे क्षणिक तेजाळतो का, याच्या दीर्घ निरीक्षणांनी त्यांच्या वस्तुमानाच्या बहुतेक शक्यतांना कात्री लावली आहे. तिसरा व सर्वाधिक लोकप्रिय पर्याय ‘विम्प’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, क्षीण आंतरक्रिया करणाऱ्या जड कणांचा. त्यांच्या शोधासाठी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर दहा टन द्रवरूप झेनॉन साठवून प्रयोग चालू आहे. इटलीतील ग्रान सासो डोंगराखाली आणि भारतात झारखंडमधील जादुगुडा खाणीतही असे प्रयोग हाती घेण्यात आले. कृष्णद्रव्याचा निर्विवाद कण मात्र कोठेही हाती लागलेला नाही. त्यामुळे आता ‘ॲक्सिऑन’ या अतिशय हलक्या काल्पनिक कणाकडे अधिक लक्ष वळले आहे.

नियमच बदलला तर?

इस्रायलचे मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये वेगळी वाट धरली. त्वरण एका अत्यल्प मर्यादेखाली गेले, की गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, असे त्यांनी सुचवले. ही मर्यादा पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ऐंशी अब्जाव्या भागाइतकी आहे. या एका आकड्याच्या आधारे कितीतरी दीर्घिकांचे वेग अचूक सांगता येतात. २०१६ मध्ये १५३ दीर्घिकांच्या अभ्यासातही दृश्य द्रव्य आणि प्रत्यक्ष त्वरण यांत विलक्षण घट्ट नाते आढळले.

या विचाराला मोठा धक्का बसला तो २००६ मध्ये. ‘बुलेट’ या नावाने परिचित असलेल्या स्थळी दीर्घिकांचे दोन गुच्छ एकमेकांवर आदळले आहेत. सामान्य द्रव्याचा मोठा वाटा असलेला तप्त वायू टकरीत मागे पडला. परंतु प्रकाशाच्या वक्रीभवनावरून शोधलेले वस्तुमान वायूबरोबर न राहता दीर्घिकांबरोबर पुढे गेलेले दिसले. केवळ नियम बदलून याचा खुलासा करणे कठीण आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण अवघ्या दोन सेकंदांच्या आत पृथ्वीवर पोहोचले, तेव्हा सुधारित गुरुत्वाकर्षणाचे अनेक सिद्धान्त बाद झाले.

याहून मूलगामी विचार असा, की गुरुत्वाकर्षण हे मूलभूत बलच नसावे. तापमान हा जसा एकट्या रेणूचा गुणधर्म नसून असंख्य रेणूंच्या हालचालींचा एकत्रित परिणाम असतो, तसेच गुरुत्वाकर्षण अवकाशाच्या सूक्ष्म घटकांतून उद्भवत असावे. पुण्याच्या ‘आयुका’तील दिवंगत प्रा. थानू पद्मनाभन यांनी या दृष्टिकोनाची गणिती बांधणी करण्यात मोलाची भर घातली. डच शास्त्रज्ञ एरिक व्हर्लिंडे यांनी २०१६ मध्ये असा दावा केला, की कृष्णद्रव्याचे म्हणून मानले जाणारे परिणाम याच प्रक्रियेतून निघतात. हा दावा अद्याप सर्वमान्य नाही.

आजघडीला बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कल कृष्णद्रव्याकडेच आहे. विश्वारंभीच्या प्रारणातील सूक्ष्म चढउतार, दीर्घिकांची जडणघडण आणि गुच्छांतील वस्तुमान या तिन्हींचा मेळ त्याच कल्पनेने एकत्र बसतो. तरीही कण सापडत नाही तोवर दुसरा दरवाजा बंद झाला, असे म्हणता येणार नाही. जुलै २०२३ मध्ये अवकाशात झेपावलेली ‘युक्लिड’ दुर्बीण आणि जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध करणारी चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळा अब्जावधी दीर्घिकांचे आकार नोंदवणार आहेत. त्या आकारांतील सूक्ष्म विकृतींवरून विश्वातील वस्तुमानाचा नकाशा तयार होईल. हे वस्तुमान दृश्य द्रव्याला सोडून स्वतंत्रपणे विखुरलेले आढळते, की त्याच्याशी सदैव जखडलेले राहते, यावरून दोन्ही पक्षांची खरी परीक्षा होणार आहे.