योद्धा-जादूगार

योद्धा-जादूगार : संगणकावरील कल्पनारम्य भूमिका-खेळांत शस्त्र आणि मंत्र दोन्ही चालवणारे पात्र. खेळाडू एकाच व्यक्तीला ‘फायटर’ आणि ‘मेज’ किंवा ‘विझर्ड’ अशा दोन वर्गांचे शिक्षण देतो. या पद्धतीला ‘मल्टिक्लास’ म्हणतात. कल्पना मराठी वाचकाला अनोळखी नाही. रायगडसह सगळा कोकणकिनारा ज्याची भूमी मानला जातो तो परशुराम वेदविद्या आणि परशू या दोन्हींत पारंगत होता, आणि त्याने बाण सोडून समुद्र मागे हटवल्याची कथा किनाऱ्यावर घरोघर सांगितली जाते. खेळांतले नियम मात्र या परंपरेतून आलेले नाहीत. त्यांचे मूळ अमेरिकेतल्या एका टेबलावरच्या खेळात आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एल्फ जातीच्या पात्राला योद्धा आणि जादूगार या दोन्ही वर्गांत वावरता येई, पण एका मोहिमेत एकच वर्ग धरायचा, अशी अट होती. 1981 च्या प्राथमिक संचात एल्फ हाच स्वतंत्र वर्ग झाला. दुसरी लेव्हल म्हणजे पात्राच्या प्रगतीची दुसरी पायरी गाठायला योद्ध्याला 2,000 आणि जादूगाराला 2,500 अनुभवगुण लागत, एल्फाला 4,000. दोन विद्या हव्यात तर जवळपास दोन्हींचे मोल मोजा, असा हा रोखठोक हिशोब होता. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत बदलत गेला तो मुख्यतः हाच भाव, आणि पात्र कसे घडवायचे हेही त्यावरच ठरते.

संगणकावर हे पात्र गाजले ते बायोवेअर कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट’ (1998) आणि ‘बाल्डर्स गेट 2’ (2000) या खेळांमुळे. दोन्ही खेळ टेबल-खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतात. तिथे मिळालेले अनुभवगुण दोन वर्गांत निम्मे-निम्मे वाटले जातात. ऐकायला हे महाग वाटते, प्रत्यक्षात सुरुवातीला ते स्वस्त पडते, कारण पहिल्या काही लेव्हलींत पुढच्या लेव्हलची किंमत जवळजवळ दुप्पट होत जाते. पहिल्या खेळाची विस्तारासह कमाल मर्यादा 1,61,000 गुणांची. तेवढ्यात नुसता योद्धा आठव्या लेव्हलला पोहोचतो आणि नुसता जादूगार नवव्या. दोन्ही शिकणाऱ्याच्या वाट्याला प्रत्येकी 80,500 येतात आणि तो सात-सात गाठतो. सातव्या लेव्हलला योद्ध्याला दर फेरीत अर्धा हल्ला जादा मिळतो, तोही त्याच्या पदरात पडतो. गमावले काय, तर एका बाजूला एक लेव्हल आणि दुसऱ्या बाजूला दोन. सौदा फायद्याचाच.

दुसऱ्या भागात हे गणित बिघडते. वरच्या लेव्हलींची किंमत दुप्पट होत नाही, ठरावीक टप्प्याने वाढते. त्यामुळे गुण वाटून घेणे आता खरोखर जड जाते. विस्ताराशिवायच्या 29,50,000 गुणांच्या मर्यादेत नुसता योद्धा एकोणीस आणि जादूगार सतरा लेव्हलींपर्यंत जातो, तर मिश्र पात्र तेरा-तेरावर थांबते. सहाव्या वर्तुळापर्यंतचे, म्हणजे सहाव्या श्रेणीपर्यंतचे, मंत्र त्याला येतात. सातव्या-आठव्या वर्तुळाचे हुकतात. शिवाय शस्त्रातले प्रावीण्य दोन ताऱ्यांपुढे जात नाही, आणि जीवनगुण दोन्ही वर्गांच्या सरासरीने मिळतात. माणूस जातीच्या पात्राला हा मार्गच बंद आहे. त्याने एक वर्ग सोडून दुसरा धरायचा, आणि नव्या वर्गाची लेव्हल जुन्या वर्गाच्या लेव्हलपुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. दोन्ही मूळ खेळांतल्या सोबत्यांत जाहेरा योद्धा-ड्रुइड आहे, एरी पुरोहित-जादूगार आहे, पण दोन्ही वर्गांत एकाच वेळी वाढणारा योद्धा-जादूगार एकही नाही. तो खेळाडूने स्वतःच घडवायचा.

नवखे खेळाडू इथे हमखास एक चूक करतात. हाती मंत्र आले म्हणून ते आगीचे गोळे फेकत मागे उभे राहतात. तेवढ्यासाठी साधा जादूगार पुरतो, किंबहुना तो ते अधिक चांगले करतो. योद्धा-जादूगाराची खरी ताकद स्वतःवर टाकायच्या संरक्षक मंत्रांत आहे. ‘मिरर इमेज’ने त्याच्याभोवती त्याच्याच प्रतिमा उभ्या राहतात आणि शत्रूचे वार त्यांच्यावर फुकट जातात. ‘स्टोनस्किन’चा प्रत्येक थर शस्त्राचा एक वार, कितीही जोरकस असला तरी, झेलतो. एका फेरीत एकच मंत्र म्हणता येतो, म्हणून ही तयारी लढाई जुंपण्याआधी करायची आणि मग तलवार घेऊन आघाडीवर जायचे. साधे चिलखत घातले तर मंत्र म्हणता येत नाही. अपवाद एल्फांच्या साखळी चिलखताचा. मंत्र आधी पाठ करावा लागतो आणि वापरला की विश्रांतीपर्यंत तो स्मरणातून जातो. ही कल्पना जॅक व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’ (1950) या पुस्तकातून आली. ऐन रणात अस्त्रविद्या विसरलेल्या कर्णाचीच गत, फक्त इथे ती रोजची.

2000 मध्ये टेबल-खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि हिशोब उलटला. आता प्रत्येक लेव्हल कोणत्याही वर्गात घेता येते, पण किंमत एकूण लेव्हलींवर ठरते. दहा लेव्हली योद्ध्याच्या आणि दहा जादूगाराच्या घेतलेल्या पात्राला पाचव्या वर्तुळाचे मंत्र येतात. तेवढ्याच लेव्हलींत शुद्ध जादूगार नवव्या वर्तुळात असतो. ‘नेव्हरविंटर नाइट्स’ (2002) या नियमांवरच उभा आहे. टेबल-खेळात पूर्ण लोखंडी चिलखतात मंत्र फसण्याची शक्यता 35 टक्के. मागे पडणाऱ्या मंत्रशक्तीवर उपाय म्हणून ‘एल्ड्रिच नाइट’ हा खास वर्ग आला. योद्ध्याची एक लेव्हल, जादूगाराच्या पाच आणि पुढे याच्या दहा असा क्रम धरला, तर मंत्रशक्ती फारशी न गमावता हात लढाऊ राहतो. ‘नेव्हरविंटर नाइट्स 2’ (2006) मध्ये हा वर्ग मिळतो.

लॅरिअन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट 3’ने (2023) पाचव्या आवृत्तीचे नियम घेतले. कमाल लेव्हल बारा. चिलखत वापरण्याचे शिक्षण असेल तर त्यात मंत्र म्हणता येतात, त्यामुळे जुनी मोठी अडचण संपली. टेबल-खेळात असा संकर करायला बुद्धी आणि बळ किंवा चपळाई तेरा लागते. या खेळात ती अट नाही. पहिली लेव्हल योद्ध्याची घेणे शहाणपणाचे. जड चिलखत तेव्हाच मिळते, आणि मार खातानाही मंत्रावरची एकाग्रता टिकवायला मदत होते. योद्ध्याच्या पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला मिळतो. उरलेल्या सात लेव्हली जादूगाराला दिल्या की चौथ्या वर्तुळाचे मंत्र येतात. चार-आठ अशी वाटणी अनेकांना भुरळ घालते, पण दुसऱ्या हल्ल्याविना आघाडीवर उभे राहणाऱ्याचा निम्मा दरारा जातो.

‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत ‘स्पेलस्वोर्ड’ आणि ‘बॅटलमेज’ हे तयार वर्ग पूर्वी होते. ‘स्कायरिम’मध्ये (2011) वर्गच नाहीत, जे कौशल्य वापराल ते वाढते. महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ (2020). दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणाऱ्या या खेळात राजी नावाची मुलगी देवांनी दिलेल्या आयुधांनी असुरांशी लढते. शस्त्र आणि दैवी शक्ती तिच्याकडे एकत्र आहेत, पण वर्ग निवडण्याचा आणि लेव्हली वाटण्याचा प्रश्न नाही. हा भूमिका-खेळ नसून साहसखेळ आहे.

जुन्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये वर्गांची निवड एकदा केली की ती खेळ संपेपर्यंत बदलत नाही, म्हणून निवड आधी कागदावर मांडून करावी. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये मात्र विदर्स या पात्राला 100 सुवर्णमुद्रा दिल्या की साऱ्या लेव्हली नव्याने वाटता येतात.