पेजमेकरची फाईल

२०१३ साली दिल्लीत माझ्यासमोर एक फाईल आली. कार्यालयाच्या हिंदी गृहपत्रिकेसाठी पेजमेकरच्या जागी इनडिझाईन सीएस६ घ्यावे, असा प्रस्ताव होता. चालू प्रणाली कार्यरत असताना नव्या खर्चाचे औचित्य काय, असा वित्त शाखेचा शेरा होता. प्रश्न रास्त होता. पत्रिका वेळेवर निघतच होती.

पेजमेकर अल्डस कंपनीने १९८५ साली आणले. १९९४ मध्ये ॲडोबीने अल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये इनडिझाईन काढले आणि पेजमेकरची २००१ मधील सातवी आवृत्ती शेवटची ठरली. तरीही भारतातील डीटीपीची दुकाने, छापखाने आणि सरकारी कार्यालये पुढे कित्येक वर्षे तिच्यावरच चालली. याला सरकारी आळस म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. खरे कारण लिपीत होते.

पेजमेकरला युनिकोड उमगत नसे. म्हणून हिंदीसाठी कृतिदेव, मराठीसाठी श्रीलिपी अशी व्यवस्था होती. कृतिदेवमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट बदलला की पानभर निरर्थक रोमन अक्षरे उरत. ऱ्हस्व वेलांटी टंकलेखन यंत्राप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकित करावी लागे, तर युनिकोड ती व्यंजनानंतर साठवतो. रूपांतर म्हणजे प्रत्येक ओळ पुन्हा वाचणे आलेच. शिवाय सुरुवातीच्या इनडिझाईनमध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळत नसे. हिंदी-मराठीसह दहा भारतीय भाषांची रीतसर सोय झाली ती २०१२ च्या सीएस६ मध्ये. तोवर थांबलेले लोक हिशेबीच म्हटले पाहिजेत.

आता मात्र थांबण्याचा हिशेब उलटला होता. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये युनिकोडला ई-प्रशासनाचे मानक ठरवले होते. त्यात मे २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केले की यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतील. एकदा विकत घेतलेली वस्तू साठा नोंदवहीत चढते आणि प्रश्न मिटतो. वर्गणीला दरवर्षी नवी मंजुरी लागते. आपल्याकडे मंजुऱ्या किती वेळेवर येतात, हे वाचकांस सांगायला नको! मी सीएस६ ला मान्यता दिली.

जुन्या अंकांच्या रूपांतराचा खर्च मात्र अनावश्यक म्हणून मीच खोडला. सीएस६ मध्ये पेजमेकरच्या जुन्या फायली उघडत. पुढच्या आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने नव्या वस्तूची किंमत मोजली, मागे राहणाऱ्या मजकुराची मोजली नाही. पुढे एका निवृत्त सहकाऱ्याने आपला जुना लेख मागितला, तेव्हा संगणकावर त्यातले एक वाक्यही वाचता येईना. ग्रंथालयात छापील अंक सापडला. त्यावरून सगळा लेख पुन्हा टंकित करून घेतला.