कडू इंद्रजवाची कुळकथा

बडोद्यात काष्ठौषधींच्या दुकानी ‘कडाछाल’ मागा की ‘कुड्याची साल’, पुडीत एकच वस्तू बांधून मिळते. बियांना तर मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांत इंद्रजवच म्हणतात. मेघदूतातल्या यक्षाने मेघाला अर्घ्य दिले ते याच कुटजाच्या फुलांचे. माझ्या आजीच्या फडताळात ही साल कायम असे. आव पडू लागली की ती उगाळून ताकातून देई. साल इतकी कडू, की आम्ही मुले दुखणेच लपवीत असू.

हा कडूपणा केवळ घरगुती आठवणीपुरता नाही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात आवेवरच्या एका मलबारी वनस्पतीची हकीकत आहे. अभ्यासक तिला कुडाच मानतात. १८५८ मध्ये मुंबईच्या हेन्स यांनी सालीतून कोनेसीन हे द्रव्य वेगळे केले. तरी विलायतेत या औषधाचे नाव बद्दू झाले. त्याचे एक मोठे कारण भेसळ. पांढऱ्या कुड्याच्या जागी काळ्या कुड्याची, म्हणजे गुजरातीतल्या दूधल्याची, साल खपवली जाई. पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोडे. ही पारख आपल्या वैद्यांना जिभेवर ठाऊक होती.

आवेचा एक जंतू, अमीबा, १८७५ मध्ये लोश यांना पीटर्सबर्गमध्ये दिसला. १९१२ मध्ये कलकत्त्यात रॉजर्स यांनी दक्षिण अमेरिकेतील इपेकाकच्या मुळीतील एमेटीन टोचून गुण आणला. पण ते हृदयाला जाचक. म्हणून कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा यांनी कुड्याची, बंगालीतल्या ‘कुर्ची’ची, पद्धतशीर परीक्षा केली. कुर्ची-बिस्मथ-आयोडाइड हे औषध पुढे दवाखान्यांत वापरले गेले. मात्र नुसत्या कोनेसीनने काही रोग्यांची झोप उडे, मन भ्रमे. १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि कुर्ची मागे पडली.

या कथेत बडोद्याचा वाटा कोणता? सालीतला गुण मोजून द्यायचा तर मद्यार्क हवा, अर्क काढण्याची विद्या हवी. कलाभवनाचे त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिकचा पाया घातला, तो टिंक्चरे आणि मद्यार्क इथेच तयार व्हावेत म्हणून. गुजराती आणि मराठी माणसे त्यात खांद्याला खांदा लावून उभी होती.

त्याहीआधी, १८९० च्या दशकात, सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी शहरात आणले होते. अमीबा पोटात जातो तो बहुधा घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून. तेव्हा आवेवरचा पहिला उपाय मला या नळाचाच वाटतो. कुड्याचा मान मी मानतो. पण रक्त पडत असेल, ताप असेल, तर शौचाची तपासणी आधी आणि पुडी नंतर. पुडी घेतलीच, तर ती कोणत्या कुड्याची, हे जाणत्याला विचारूनच घ्यावी.