‘विर्ड’ : एका शब्दाची अर्थयात्रा

आजच्या इंग्रजीत ‘विअर्ड’ हे विशेषण ‘विचित्र’, ‘चमत्कारिक’ ह्या अर्थाने सर्रास वापरले जाते. प्राचीन इंग्रजीत मात्र तो विशेषण नव्हता, नाम होता. ‘विर्ड’ ह्या त्याच्या जुन्या रूपाचे भाषांतर बहुधा ‘दैव’ किंवा ‘नियती’ असे केले जाते, आणि ह्या एका शब्दाच्या आधारे अँग्लो-सॅक्सन समाजाच्या एकंदर जीवनदृष्टीविषयी निर्णय देण्यात आले आहेत. एखाद्या शब्दाच्या मुळावरून एखाद्या समाजाच्या श्रद्धेचे अनुमान कितपत करता येते, हा प्रश्न ह्या शब्दाच्या इतिहासात गुंतलेला आहे.

‘विर्ड’ची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. ‘होणे’, ‘घडणे’ ह्या अर्थाच्या ‘वेओर्थन’ ह्या प्राचीन इंग्रजी क्रियापदाशी तो निगडित असून जर्मन भाषेतील ‘वेर्डेन’ हे त्याच क्रियापदाचे भावंड होय. लॅटिनमधील ‘वेर्तेरे’ म्हणजे ‘वळणे’, आणि संस्कृतातील ‘वृत्’ हा धातू, ही त्याच कुळातील रूपे. ‘वेओर्थन’मधील ‘थ’ आणि ‘विर्ड’मधील ‘ड’ ह्यांतील भेद प्रथमदर्शनी कोड्यात टाकणारा आहे. परंतु डॅनिश पंडित कार्ल व्हेर्नर ह्याने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाने त्याचा उलगडा झाला. मूळ भाषेतील स्वराघाताच्या स्थानावर हा भेद अवलंबून होता, आणि त्या स्थानाची साक्ष व्हेर्नरला वैदिक संस्कृतातील स्वरांतून मिळाली.

मराठी वाचकाला ह्या कुळाची ओळख वेगळ्या वाटेने आहे. ‘वृत्त’, ‘वृत्तान्त’, ‘वार्ता’, ‘वर्तमान’ हे सारे ‘वृत्’ धातूचेच वंशज होत. ‘वर्तमान’ म्हणजे चालू काळ आणि ‘वर्तमान’ म्हणजे बातमी, हे दोन्ही अर्थ मराठीत सुखाने एकत्र नांदतात. ‘वर्तमानपत्र’ हा शब्द त्याचा पुरावा. ‘घडते ते’ आणि ‘घडलेले सांगणे’ ह्यांत भाषेने फार अंतर मानलेले नाही.

‘बेओवुल्फ’ ह्या महाकाव्यात ही जवळीक दिसून येते. त्याची एकमेव हस्तलिखित प्रत इ. स. १००० च्या सुमाराची आहे. काव्याच्या अखेरीस राजाच्या मृत्यूची बातमी आणणाऱ्या दूताविषयी कवी सांगतो, की त्याचे कथन शब्दांतही खोटे नव्हते आणि घटनांतही नव्हते. येथे ‘घटना’ ह्या अर्थी ‘विर्ड’चेच रूप योजलेले आहे, मराठीत ते ‘वृत्त’ ह्या शब्दानेच उत्तम उतरेल. परंतु ग्रेंडेल ह्या राक्षसाशी झुंज घेण्यापूर्वी नायक जेव्हा म्हणतो, की विर्ड आपल्या अटळ मार्गाने जाईल, तेव्हा तेथे ‘वृत्त’ चालणार नाही. तेथे ‘भवितव्य’च हवे. आणखी एके ठिकाणी कवी सांगतो, की ज्ञानी परमेश्वर व वीराचे धैर्य ह्यांनी विर्डला अडविले नसते, तर अधिक माणसे बळी पडली असती. जिला अडविता येते, तिला सर्वशक्तिमान नियती कसे म्हणावे?

एकोणिसाव्या शतकातील पंडितांना हा प्रश्न फारसा पडला नाही. याकोप ग्रिमचा जर्मन दैवतकथांवरील ग्रंथ १८३५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विर्डची सांगड उत्तरेकडील भाग्यदेवतांशी घातलेली आहे. त्या देवतांपैकी पहिलीचे नाव ‘उर्द’ हे ‘विर्ड’चेच नॉर्स रूप, आणि दुसरीचे ‘वेर्दान्दी’ हे तर घडणीनेही ‘वर्तमान’ ह्या कृदन्ताचे सख्खे भाऊबंद. एवढे साम्य हाती आल्यावर, ख्रिस्ती कवितेच्या आवरणाखाली पूर्वीचा दैववाद जिवंत होता, असा निष्कर्ष मोहक वाटावा हे स्वाभाविकच होते.

पण उपलब्ध पुरावा ह्या निष्कर्षाला पुरेसा नाही. आठव्या-नवव्या शतकांतील शब्दसंग्रहांत रोमन भाग्यदेवतांचा पर्याय म्हणून ‘विर्ड’चे अनेकवचन दिलेले आढळते, हे खरे, परंतु शब्दसंग्रहकार परक्या देवतांना आपल्या भाषेत नाव शोधत होता, आपल्या देवतांची नोंद करीत नव्हता, असेही म्हणता येते. राजा आल्फ्रेडच्या नावाशी निगडित असलेल्या बोएथियसच्या भाषांतरात तर ‘विर्ड’ म्हणजे परमेश्वराचे नित्य चाललेले कार्य, असे स्पष्टीकरण आहे. तेथे गाडीच्या चाकाचा दृष्टान्त येतो : आस स्थिर, आणि चाक तिच्याभोवती फिरते, जो आसाच्या जवळ, त्याला हिसके कमी. हे भाषांतर ज्या हातांनी झाले ते ख्रिस्ती होते, आणि त्यांना हा शब्द टाकून द्यावासा वाटला नाही. बी. जे. टिमर ह्यांनी १९४०-४१ मध्ये आणि ई. जी. स्टॅन्ली ह्यांनी १९६४-६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांनी जुन्या मताला जबर धक्का दिला. विर्डमध्ये जुना धर्म सापडला तो बहुतांशी शोधणाऱ्याने आधीच गृहीत धरला होता म्हणून, हे स्टॅन्ली ह्यांच्या विवेचनाचे सार.

नॉर्मन विजयानंतर हा शब्द मुख्यतः उत्तरेकडे व स्कॉटलंडमध्ये टिकला. गेविन डग्लसने १५१३ साली पूर्ण केलेल्या व्हर्जिलच्या भाषांतरात रोमन भाग्यदेवतांना ‘विअर्ड भगिनी’ म्हटले. हॉलिन्शेडच्या बखरीतून ह्या भगिनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्ये आल्या. १६२३ च्या फोलिओत मात्र शब्दाचे लेखन ‘वेवर्ड’, ‘वेयर्ड’ असे आहे. ‘विअर्ड’ हे रूप संपादक थिओबाल्डने १७३३ साली स्थिर केले. ज्यांना जुने नाम ठाऊक नव्हते अशा वाचकांनी ह्या शब्दाचा अर्थ रंगभूमीवरील दृश्यावरून लावला : दाढी असलेल्या, क्षणात अदृश्य होणाऱ्या स्त्रिया म्हणजे ‘विचित्र’. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेलीसारख्या कवींनी गूढ व अद्भुत ह्या अर्थी त्याचा वापर केला, आणि पुढे त्यातील भयही झिजत गेले.

भाषांतरकाराची अडचण ह्यामुळे केवळ पर्यायाच्या निवडीची राहत नाही. ‘दैव’ म्हटले की देव आला. ‘प्राक्तन’ म्हटले की पूर्वजन्मीचे कर्म आले. ‘नियती’ म्हटले की नियमनाची कल्पना आली. ह्यांपैकी कोणतेही गृहीतक मूळ शब्दात आपोआप येत नाही. ‘भवितव्य’ हा शब्द घडणीने सर्वांत जवळचा, कारण तोही ‘होणे’ ह्या क्रियेपासूनच निघाला आहे. परंतु दूताच्या ‘वृत्ता’ला तोही पुरणार नाही. तेव्हा एकाच शब्दासाठी स्थळपरत्वे दोन-तीन पर्याय योजणे ह्यात भाषांतराची शिथिलता नाही. धातूने शब्दाचे कूळ सांगितले, त्याचा स्वभाव सांगितला नाही. तो ज्या वाक्यात वावरला तेथेच शोधावा लागतो.