पोस्टकार्डापासून ट्विटरपर्यंत

ब्रिटनमध्ये स्त्रियांनी जाहीरपणे हक्क मागितले की त्यांच्यावर शिव्याशापांचा भडिमार होई, आणि त्यासाठी त्या काळातले सर्वांत स्वस्त साधन हाताशी असे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पोस्टकार्ड होते. अर्ध्या पेनीत देशभर कुठेही पोचणाऱ्या या कार्डांवर मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया कुरूप, दात पुढे आलेल्या, लग्न न जमलेल्या म्हणून रंगवल्या जात. काही कार्डांवर बाईच्या तोंडाला कुलूप ठोकलेले असे, तर काहींवर नवरा रडणारी पोरे सांभाळत बसलेला. मताधिकार का देऊ नये, याचा मुद्दा त्यात सहसा नसे. बाईने गप्प बसावे, एवढाच त्यांचा रोख होता.

बंद पाकिटातली पत्रे याहून क्रूर होती. ४ जून १९१३ रोजी एप्सम येथील डर्बी शर्यतीत मताधिकार चळवळीतल्या एमिली वाइल्डिंग डेव्हिसन राजाच्या घोड्याखाली आल्या. त्या इस्पितळात बेशुद्ध असतानाच त्यांच्या नावे आलेल्या एका पत्रात, त्यांनी यातना भोगाव्यात अशी इच्छा व्यक्त केली होती. खाली नाव नव्हते. सही होती ‘एक इंग्रज’. ८ जूनला डेव्हिसन वारल्या. तिशी ओलांडलेल्या, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले १९१८ मध्ये, आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये.

शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, मागणी त्या मानाने अगदी साधी होती. पाच पौंडांच्या नोटेवरून समाजसुधारक एलिझाबेथ फ्राय यांचे चित्र जाऊन चर्चिल येणार, म्हणजे राणी सोडली तर नोटांवर एकही स्त्री उरणार नव्हती. कॅरोलिन क्रिआदो-पेरेझ यांनी याविरुद्ध मोहीम चालवली आणि ३५ हजारांहून अधिक सह्या गोळा झाल्या. दहा पौंडांच्या नोटेवर लेखिका जेन ऑस्टेन येणार, हे बँक ऑफ इंग्लंडने २४ जुलैला जाहीर केले. लगोलग ट्विटरवर क्रिआदो-पेरेझ यांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या येऊ लागल्या. त्यांच्या सांगण्यानुसार, ऐन भरात तासाला सुमारे ५० संदेश येत होते. त्यांची बाजू घेणाऱ्या खासदार स्टेला क्रीसी यांनाही धमक्या आल्या, काही स्त्री पत्रकारांना बॉम्बच्या. एका नोटेवरच्या चित्रासाठी एवढा द्वेष उसळावा, यावरून राग चित्राचा नव्हताच, हे उघड होते. एका बाईने मागितले आणि तिला मिळाले, हेच सहन होत नव्हते.

डेव्हिसन यांना ते पत्र लिहिणारा एकटा होता. ट्विटरवर मात्र एकाचे पाहून दुसरा सरसावत होता, आणि एकच माणूस अनेक खात्यांवरून लिहू शकत होता. तक्रारीसाठी लांबलचक फॉर्म भरावा लागे. लोकांच्या संतापानंतर कंपनीने प्रत्येक ट्विटखाली तक्रारीचे बटण दिले. जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने क्रिआदो-पेरेझ यांना धमकावणाऱ्या दोघांना २००३ च्या दळणवळण कायद्याखाली आठ आणि बारा आठवड्यांची कैद सुनावली. बारा आठवड्यांची शिक्षा झालेली आरोपी स्त्री होती. त्या कायद्याच्या संबंधित कलमाखाली कमाल शिक्षा सहा महिन्यांची होती. २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने जिवे मारण्याची किंवा बलात्काराची धमकी पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आणि त्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवर नेली.