तळटीप १४ : बापाचे नाव, लेकाची पाटी

१४. 'हा खेळ' : कथेतला खेळ लेखकाच्या कल्पनेतला आहे, के. आर. पुरममध्ये तो शोधू नये. ठिकाण मात्र खरे. के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरम, बंगळुरूचे पूर्वेकडील उपनगर. रेल्वे स्थानकाजवळचा, केबलांवर तोललेला पूल ही त्याची खूण.

नामवंत बापाच्या मुलाने कथेत जे सोसले, तेही खरेच. मराठी वाचकाला इथे रोहन गावसकर आठवेल. 'रोहन जयविश्व' या त्याच्या नावात वडिलांच्या आवडीचे तीन फलंदाज आहेत : रोहन कन्हाय, एम. एल. जयसिंहा आणि कर्नाटकाचे गुंडप्पा विश्वनाथ. क्रिकेट असे बारशालाच पदरात पडले. सुनील गावसकर उजव्या हाताने खेळत, मुंबईकडून. रोहन डावखुरा, आणि रणजी खेळला बंगालकडून. २००४ साली तो भारताकडून ११ एकदिवसीय सामने खेळला. कसोटी एकही नाही. वडिलांच्या नावावर १२५ कसोटी आणि १०,१२२ धावा.

या आकड्यांशेजारी ११ सामने थोडे वाटतात, आणि तसे वाटणे हीच वडिलांच्या नावाची सावली. दुसऱ्या कुणाच्या मुलाने एवढे केले असते तर गल्लीत पेढे वाटले असते. कथेतल्या मुलाला प्रेक्षक वडिलांच्या नावाने हाक मारतात, त्या प्रसंगी तो मागे का वळत नाही, हे यावरून उमजावे. त्याला स्वतःच्या नावाची हाक हवी आहे. — संपादक